घडणावळ मोडीत येत नाही

20 नोव्हेंबर 1947 ला ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ हिचं लग्न झालं. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी आहेराचा प्रश्न एका फटक्यात सोडवला. लंडनमध्ये कार्तिएच्या पेढीला निरोप गेला की नवरीला दुकानात येऊ द्या, तिला जे आवडेल ते तिचं. तिने हिऱ्यांचा एक हार निवडला आणि एक टियारा, म्हणजे डोक्यावर पुढच्या बाजूला घालायचा अर्धगोल मुकुट. टियारावर इंग्लिश गुलाबाची नक्षी होती. त्यातली तीन फुलं सुटी करून ब्रोच म्हणून लावता यायची.

हार अजून आहे. केट मिडलटनने तो 2014 मध्ये आणि 2019 मध्ये घातला. टियारा मात्र उरलेला नाही. तो फारसा वापरात राहिलाच नाही आणि 1973 मध्ये राणीने तो मोडायला दिला. त्याच लग्नात ब्रह्मदेशच्या जनतेने 96 माणकं दिली होती. माणसाला होऊ शकणाऱ्या 96 व्याधींपासून ती राखतात अशी तिकडची समजूत. निजामाच्या टियारातले हिरे काढून गॅरार्ड या लंडनच्या जवाहिऱ्यांच्या कारागिरांनी ते या माणकांभोवती बसवले आणि नवा टियारा घडवला. जुन्यातले तीन गुलाब ब्रोच म्हणून शिल्लक राहिले. एका देशाच्या दागिन्याचे हिरे, दुसऱ्या देशाची माणकं, आणि हा टियारा घडेपर्यंत ब्रिटनची सत्ता दोन्हीकडून कधीच गेलेली.

मला हे मोडणं खटकतं. आधी त्याचं एक घरगुती कारण सांगते. माझं आजोळ परभणीकडचं. 'निजामाच्या वेळी' हे शब्द आमच्याकडे 'दुष्काळात' या शब्दासारखे वापरले जायचे. हा आहेर गेला त्या महिन्यात औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्याच राज्यात होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा पेटलेला होता, रझाकारांची दहशत होती, आणि मराठवाड्याला मोकळा श्वास मिळायला 17 सप्टेंबर 1948 उजाडायचा होता. त्या धामधुमीत या दौलतीचा धनी लंडनच्या सराफाकडे खातं उघडून ठेवतो, हा इतिहासाचा केवढा बोलका पुरावा आहे! तो टियारा अख्खा असता आणि काचेआड ठेवलेला असता, तर त्याच्यासमोर उभं राहून परभणीच्या माणसाला काही म्हणता आलं असतं. आज त्यातले हिरे दुसऱ्याच दागिन्यात आहेत. तिथे ते नुसते हिरे आहेत.

तो परत मागा असं मी म्हणत नाहीये. परत मागण्याचा वाद वेगळा, तो कोहिनूरच्या निमित्ताने पुष्कळ घातला जातो. माझा प्रश्न मोडण्याचा आहे. ऐतिहासिक राजदागिन्याचा घाट बदलण्याचा अधिकार, तो दागिना आज ज्याच्या तिजोरीत आहे त्याला असावा का?

याचं उत्तर शोधताना मला आमच्या गावातल्या एका सोनाराचं वाक्य आठवतं. भाचीच्या लग्नात आईची चिंचपेटी मोडून तिला काहीतरी 'आजच्या पद्धतीचं' करावं असं घरात ठरत होतं. मी आणि आई ती घेऊन गेलो. सोनाराने भिंग डोळ्याला लावलं, एकेक पेटी उलटी करून पाहिली. मागे लाख भरलेली, पुढे कोंदणात तांबडे खडे, कडांना मोती, आणि रेशीम इतकं जुनं की हात लावताच धागे सुटत होते. त्याने काट्यावर टाकायच्या आधीच सांगितलं, "ताई, वजनात काही हाती लागणार नाही. लाख जाईल, खडे जातील, घट धरावी लागेल." मी विचारलं, आणि हे काम? हे बारीक कोंदण? तो म्हणाला, "घडणावळ मोडीत येत नाही."

मराठी घरातल्या प्रत्येक बाईला हा हिशेब ठाऊक असतो. दागिना करताना घडणावळ मोजून घेतात, मोडताना तिचे शून्य रुपये. घर चालवायला हा हिशेब बरोबरच आहे. अडीअडचणीला पाटल्या मोडून मुलाची फी भरणाऱ्या आईला घाटाचं कौतुक सांगायला जाणारा माणूस मूर्ख म्हणायचा. पण ऐतिहासिक टियाराच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होतो. हिरे, पाचू, मोती हे सगळं बाजारात पुन्हा मिळतं. पुन्हा मिळत नाही ते कोणीतरी, कुठल्यातरी साली, कुणासाठी तरी आखलेलं ते रूप. म्हणजे काटा ज्याला शून्य म्हणतो, तेच तिथे खरं भांडवल.

आता यावर पहिला आक्षेप असा येतो की बाई, राजघराण्यातल्या स्त्रिया टियारे बदलतच आल्या आहेत. आज ज्यांना आपण जुने म्हणतो तेही कोणीतरी कशाततरी हात घालूनच झालेत. हा आक्षेप दमदार आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे राणी मेरी, पंचम जॉर्जची बायको. तिला दागिना जसा आला तसा ठेवणं जमतच नसे. 1893 मध्ये तिच्या लग्नात ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मुलींनी वर्गणी काढून तिला एक टियारा दिला. वर 14 मोती होते. 1914 मध्ये तिने ते मोती काढून त्या जागी हिरे बसवले आणि मोती तिच्या नव्या 'लव्हर्स नॉट' टियाराकडे वळवले. हा नवा टियारा तिच्या आजीच्या एका टियारावरून बेतलेला होता, आणि त्यातही तिने पुढे वरच्या बाजूचे उभे मोती काढून टाकले. हाच तो टियारा, जो पुढे डायनाच्या डोक्यावर जगाने पाहिला आणि आता केटच्या डोक्यावर पाहते. मुलींच्या वर्गणीचा टियाराही मजेत आहे. एलिझाबेथ राणी त्याला 'आजीचा टियारा' म्हणायची. 1968 मध्ये आलेल्या नव्या ब्रिटिश नाण्यांवर तिच्या डोक्यावर तोच होता, त्यामुळे लंडनच्या मराठी माणसाच्या खिशातसुद्धा तो कितीतरी वर्षं खुळखुळला.

पाचूंची कथा तर याहून रंगतदार. मेरीची आजी, केंब्रिजची डचेस ऑगस्टा, हिने फ्रँकफर्टमध्ये धर्मादाय लॉटरीत पाचूंची पेटीच जिंकली. लॉटरीत! पुढे ते पाचू मेरीच्या भावाकडे गेले आणि त्याने ते मैत्रिणीला देऊन टाकले, तेव्हा मेरीने खटपट करून ते परत मिळवले. 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारासाठी गॅरार्डने तिला टियारा करून दिला, त्याच्या माथ्यावर त्यातलेच दहा पाचू होते. (त्याच दरबारासाठी पंचम जॉर्जला वेगळा मुकुट केला गेला, कारण लंडनचा राजमुकुट देशाबाहेर न्यायचा नसतो. 60,000 पौंडांचा तो खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून झाला आणि मुकुट लंडनला गेला.) काही वर्षांनी ते पाचू दरबारच्या टियारातून निघाले. दरबारचा टियारा माथ्यावर पाचूंशिवाय तसाच राहिला आणि 2005 मध्ये कॅमिलाने तो घातला.

पाचू गेले ते व्लादिमिर टियाराकडे. रशियाची ग्रँड डचेस मारिया पावलोव्हना हिच्यासाठी बोलिन या तिथल्या जवाहिऱ्याने 1874 च्या सुमारास केलेला हा टियारा म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या हिऱ्यांच्या पंधरा कड्या आणि प्रत्येकीत लोंबणारा एक टपोरा मोती. 1917 च्या क्रांतीत एका इंग्रजाने तो सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यातून लपवून बाहेर काढला, आणि डचेस वारल्यावर तिच्या मुलीकडून 1921 मध्ये मेरीने विकत घेतला. तिने काय करावं? मोती काढून फेकले नाहीत. पाचू लटकवता येतील अशी सोय केली. आज तो टियारा मोत्यांसह घालता येतो, पाचूंसह घालता येतो, काहीच न लटकवता नुसत्या कड्यांचाही घालता येतो. आकडा काढा, आकडा लावा. पुढे तो खिळखिळा झाला म्हणून गॅरार्डने 1988 मध्ये सांगाडाच नव्याने बांधला. धातू नवा, रूप जुनं. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार नीट केला तर असाच असतो.

बदल करणाऱ्या बाईला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, हे यावरून लक्षात यावं. मेरीने जे केलं त्यातलं बरंचसं परत फिरवता येण्याजोगं होतं. खडे फिरले, घाट राहिला. निजामाच्या टियाराचं तसं झालं नाही. तिथे घाट गेला आणि खडे राहिले. मला तरी या दोन गोष्टी एकाच 'बदल' या शब्दात घालणं हीच मूळ गफलत वाटते.

मधल्या छटाही आहेत. व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट याने 1853 मध्ये तिच्यासाठी एक टियारा आखला. ईस्ट इंडिया कंपनीने 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने जे हिंदुस्थानी जवाहीर पेश केलं होतं ते पाहून त्याच्या डोक्यात मुघल कमानी आणि कमळं भरली होती, ती त्याने टियारात उतरवली. आत ओपल बसवले, त्याचा तो आवडता खडा. व्हिक्टोरिया गेल्यावर सून अलेक्झांड्राने 1902 मध्ये ते सगळे ओपल काढले, कारण तिच्या मते ते अपशकुनी. त्या जागी माणकं आली. दुधाळ, आतून रंग पालटणाऱ्या ओपलच्या जागी लालभडक माणकं आल्यावर त्या कमानींचा नूर पार बदलला असणार. सांगाडा आहे, अल्बर्टची रेघ अजून दिसते, पण नवऱ्याने बायकोसाठी निवडलेला रंग गेला. मी असते तर ओपल एका डबीत घालून त्याच पेटीत ठेवले असते. शकुन-अपशकुनाचंही जमलं असतं आणि पुढच्या कोणाला वाटलं तर परत लावताही आले असते.

सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण मात्र लंडनचं नाही. ते वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. नेपोलियनने 1810 मध्ये दुसऱ्या लग्नात मारी लुईझला जो आहेर केला त्यात पॅरिसच्या नीतो पेढीने केलेला पाचूंचा आणि हिऱ्यांचा टियारा होता, जोडीला हार, कानातले आणि फणी. टियारा हाब्सबुर्ग घराण्यात राहिला आणि 1953 मध्ये व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांनी तो विकत घेतला. त्यांनी त्यातले 79 पाचू उपटले आणि वेगवेगळ्या दागिन्यांत बसवून गिऱ्हाइकांना विकले. नेपोलियनच्या टियारातला पाचू तुमच्या अंगावर, अशी जाहिरात करून! मग रिकाम्या कोंदणांचं काय करायचं म्हणून इराणी फिरोजे भरले. आज संग्रहालयात जे दिसतं ते असं: हिरे 1,006, ते मूळचे; मध्ये निळसर फिरोजे, ते विसाव्या शतकातले. सांगाडा नेपोलियनचा, रंग दुकानदाराचा. त्या टियाराचे फोटो मी पुष्कळ वेळा पाहिले आहेत आणि दर वेळी मला कोणीतरी उसने दात बसवून हसतंय असं वाटतं.

याच संचातला पाचूंचा हार आणि कानातले पॅरिसच्या लूव्रमध्ये होते. 19 ऑक्टोबर 2025 च्या सकाळी चोर तिथे शिरले आणि काही मिनिटांत आठ दागिने घेऊन गेले, त्यात हा हार आणि हे कानातले होते. तिसऱ्या नेपोलियनची बायको सम्राज्ञी युजेनी हिचा मोत्यांचा टियाराही गेला, आणि तिचा मुकुट पळताना खाली पडून मोडला. चोरी झाली त्या दिवशी जाणकारांच्या तोंडी एकच भीती होती: आता हे दागिने कोणी अख्खे विकणार नाही, खडे काढून, पुन्हा पैलू पाडून, सुटे सुटे विकतील. जगभर हळहळ झाली, ती योग्यच होती. पण 1950 च्या दशकात त्याच संचातल्या टियाराचं नेमकं हेच केलं गेलं होतं, आणि ते करणाऱ्यांकडे रीतसर पावती होती. खुद्द फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने 1887 मध्ये राजदागिन्यांचा लिलाव केला तेव्हाही सराफांनी नेलेले कितीतरी दागिने मोडले गेले. युजेनीचा तो टियारा त्याच लिलावात गेला होता आणि 1992 मध्ये कुठे लूव्रला परत मिळाला होता. चोराने खडे उपटले तर गुन्हा आणि मालकाने उपटले तर व्यवसाय. दागिन्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

मग कायदा काय करतो? कायद्याचं लक्ष वेशीवर असतं. अल्बर्टनेच 1840 मध्ये लग्नाच्या वर्षी व्हिक्टोरियासाठी आखलेला नीलमण्यांचा छोटा मुकुट 2016 मध्ये परदेशी जायला निघाला, तेव्हा ब्रिटिश सरकारने परवाना अडवला. 50 लाख पौंड किंमत ठरली आणि वर्षभरात एका दानशूर कुटुंबामुळे तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आला. उत्तम झालं. हा मुकुट मुळातच इतका लवचिक आहे की तो डोक्यावर बसतो आणि अंबाड्याभोवती गोलही लावता येतो. एका चित्रात व्हिक्टोरियाने तो तसाच लावला आहे. पण समजा, मालकाने तो परदेशी नेण्याऐवजी घरीच पक्कड घेऊन नीलमणी उपटले असते, तर त्याला कोण अडवणार होतं? तिकडे जुन्या घराची खिडकी बदलायला परवानगी लागते. टियाराला असलं कुठलंच संरक्षण नाही. आपला 1972 चा पुरावस्तू कायदाही शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर जाऊ नये म्हणून जितका डोळ्यांत तेल घालून बसतो, तितका ती घरात कशी वागवली जाते याकडे बघत नाही.

दुसरा आक्षेप मालकीचा. दागिना तिचा, डोकं तिचं, तुम्ही कोण विचारणारे? साध्या घराला हे उत्तर पुरतं. राजघराण्याला पुरत नाही. ब्रिटनमध्ये एका राजाकडून पुढच्या राजाकडे जाणाऱ्या वारशावर वारसा कर लागत नाही; तशी सवलत 1993 पासून आहे. जनतेने ज्या मालावरचा कर सोडला त्या मालाशी जनतेचा काहीच संबंध नाही, हे कसं? आणि निजामाने तो टियारा एलिझाबेथ नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीला दिला नव्हता, ब्रिटनच्या गादीच्या वारसाला दिला होता. मुलींनी वर्गणी काढली तीही भावी राणीसाठीच. डेन्मार्कची राणी सोफी मॅग्डालेन हिने 1746 मध्येच आपल्या इच्छापत्रात लिहून ठेवलं की माझे दागिने कोणा एका व्यक्तीचे नसतील, गादीचे असतील. म्हणून ते आजही कोपनहेगनच्या रोसेनबोर्ग किल्ल्यात लोकांना पाहता येतात. अर्थात गादीची मालकी झाली म्हणून हात लागत नाही असं नाही: त्यातले बरेच दागिने 1840 मध्ये नव्याने घडवून घेतले गेले. म्हणून नुसती मालकी बदलून भागत नाही. मोडण्यावरच बंधन हवं. माझ्या मते ते असं असावं: दागिना शंभर वर्षांचा झाला, किंवा तो देशाच्या वतीने, जनतेच्या वर्गणीतून अथवा दुसऱ्या राज्याकडून आला असेल, तर खडे फिरवा, दुरुस्ती करा, आकडे लावा, सांगाडा कापायचा असेल तर तज्ज्ञांच्या मंडळाला विचारा. आणि जे काढाल ते नोंदवून, जपून ठेवा.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा सरळ तिजोरीत ठेवा, म्हणजे मोडायची भानगडच नाही. त्याचाही नमुना आपल्याकडे आहे. निजामाचेच 173 दागिने भारत सरकारने 1995 मध्ये 218 कोटी रुपयांना घेतले. ते अख्खे आहेत, कोणी हात लावलेला नाही. ते असतात रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2019 मध्ये ते काही आठवडे मांडले होते, त्याआधी दोनदा मांडले होते, बाकी वर्षानुवर्षं अंधारात. हैदराबादच्या लोकांना आणि मराठवाड्याच्या लोकांना त्यांचं दर्शन दुर्लभ. दागिना सुरक्षित आहे, एवढंच. हेही मला मान्य नाही. यापेक्षा राणी मेरीची लुडबूड परवडली. तिच्यामुळे निदान ते पाचू कोणाच्या तरी डोक्यावर हलताना दिसतात.

चिंचपेटी आम्ही मोडली नाही. सोनाराने एका पेटीचं सुटलेलं कोंदण बसवून दिलं आणि एका पटवेकऱ्याकडे पाठवलं. त्याने जुनं रेशीम काढून नव्या दोऱ्यात सगळं ओवलं, भाचीचा गळा आईपेक्षा रुंद म्हणून मागे दोन बोटं गोंडा वाढवला. पिवळे पडलेले मोती त्याने काढले आणि त्या जागी नवे घातले. भाची लग्नात तीच घालून उभी होती. फोटोत छान दिसते, जरा मोठी वाटते तिच्या वयाला. काढलेले मोती आईने कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवले आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली: 'चिंचपेटीचे जुने मोती, 22. एक मोजताना सोफ्याखाली गेला, सापडल्यावर घालणे.'